भू-उद्यान कीं भू-क्षेत्र ?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडील वृत्तपत्रें, सरकारी पत्रकें व प्रवासाच्या पुस्तिका ह्यांतून 'जिओपार्क' हा शब्द वरचेवर दिसूं लागला आहे. त्याचें मराठी कोणी 'भू-उद्यान' असें करितात, कोणी 'भूवारसा-उद्यान' असें करितात. इतिहाससंशोधनाला वाहिलेल्या पृष्ठांत हा दगडधोंड्यांचा विषय कशाला, असें एखादा वाचक विचारील. त्यास उत्तर असें कीं, महाराष्ट्रांत ह्या संबंधांत ज्या स्थळाचें नांव प्रथम घेतलें जातें तें लोणार स्थळमाहात्म्यांत, देवळांच्या बांधणींत आणि महसुलाच्या नोंदींत भूगर्भशास्त्र जन्मास येण्याच्या फार पूर्वींपासून नोंदलेलें आहे. तेव्हां त्याची व्यवस्था कोणत्या कल्पनेनें लावावयाची हा प्रश्न एकट्या भूगर्भशास्त्रज्ञांचा राहत नाहीं. मूळ कल्पना काय आहे, आपण तिचें जें भाषांतर करितों त्यानें तिचें काय होतें, आणि लोणारास ती लावून पाहिली असतां ती कितपत टिकते, एवढें पाहण्याचा येथें विचार आहे.

कल्पना जुनी नाहीं. १९९१ च्या जूनमध्यें फ्रान्समधील दीन्य ह्या गांवीं भूवैज्ञानिक वारशाच्या संरक्षणाविषयीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तींत पृथ्वीच्या स्मृतीच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. खडकांचे थर ही पृथ्वीची स्मृति आहे आणि ती एकदां फोडली कीं पुन्हां लिहून काढतां येत नाहीं, हें त्याचें तात्पर्य. हस्तलिखितांच्या मागें ज्यांनीं आयुष्य घालविलें आहे त्यांना ह्यांतील कळकळ निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पुढें २००० सालीं फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स, ग्रीसमधील लेस्व्हॉस बेटावरचें अश्मीभूत अरण्य, जर्मनींतील ज्वालामुखींचा आयफेल प्रदेश व स्पेनमधील माएस्त्रास्गो ह्या चौघांनीं मिळून युरोपीय संघ स्थापिला. २००४ सालीं त्याला जागतिक रूप आलें, आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनें ही योजना आपल्या छत्राखालीं घेतली. २०२५ च्या एप्रिलमध्यें सोळा नव्या प्रदेशांची भर पडून एकंदर संख्या ५० देशांत २२९ झाली. त्या यादींत भारतांतील एकहि नांव नव्हतें.

युनेस्कोची अपेक्षा थोडक्यांत अशी : प्रदेश एकसंध असावा, त्याची सीमा निश्चित असावी, त्यांतील भूवैज्ञानिक स्थळांचें महत्त्व आंतरराष्ट्रीय कोटीचें असावें, आणि त्या प्रदेशाचा कारभार संरक्षण, शिक्षण व तेथील रहिवाशांचा टिकाऊ उत्कर्ष ह्या तिन्ही गोष्टी एकत्र धरून करणारें, कायद्यानें मान्य असलेलें एक मंडळ असावें. मान्यता कायमची नसते. दर चार वर्षांनीं परीक्षा होते. उत्तीर्ण झाल्यास हिरवें पत्र मिळतें, उणीव आढळल्यास पिवळें पत्र देऊन दोन वर्षांची मुदत देतात, आणि तरीहि सुधारणा न झाल्यास तांबडें पत्र देऊन नांव काढून टाकतात. शाळेंत आयुष्य गेलेल्या मनुष्याला ही व्यवस्था आवडावी ह्यांत नवल नाहीं. नाहीं तर आपल्याकडे एकदां मिळालेली पदवी कोण परत घेतो?

ह्यांत कोठेंहि बाग सांगितलेली नाहीं. प्रदेशांत गांवें असावींत, शेतें असावींत, लोक तेथें राहून आपापला धंदा करीत असावेत, हें गृहीतच धरिलें आहे. किंबहुना लोकांवांचूनचा प्रदेश ह्या योजनेंत बसत नाहीं.

आतां 'उद्यान' हा शब्द घ्या. उद् ह्या उपसर्गासह या धातूपासून तो निघाला. घरांतून बाहेर पडून जेथें मन रमविण्यास जावें तें उद्यान. अमरानें राजाच्या उपवनासाठीं आक्रीड व उद्यान हे शब्द जोडीनें दिले आहेत. मृच्छकटिकांत वसंतसेना ज्या पुष्पकरंडकाकडे निघते तें असेंच उद्यान. शब्दाच्या पोटीं क्रीडा आहे, धन्याची करमणूक आहे, आणि कुंपण आहे. अलीकडे 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द रूढ झाल्यापासून त्यांत आणखी एक अर्थ शिरला : जेथून मनुष्यवस्ती उठवावयाची व जेथें पहारा ठेवावयाचा तें उद्यान. हे दोन्ही अर्थ डोक्यांत घेऊन जेव्हां एखादा अधिकारी 'भू-उद्यान' करावयास निघतो, तेव्हां तो काय करील हें सांगण्यास ज्योतिषी नको. आधीं तारेचें कुंपण येतें, मग कमान, मग हिरवळ, कारंजें आणि रंगीत दिवे. त्याचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. त्याला मिळालेल्या शब्दाचा अर्थ त्यानें बरोबरच लाविला.

आपल्या भाषेंत योग्य शब्द पहिल्यापासून आहे, आणि तो 'क्षेत्र' हा होय. क्षि म्हणजे राहणें, वसणें. जेथें वस्ती होते, पेरणी होते तें क्षेत्र. तोच शब्द तीर्थस्थानालाहि लागला. क्षेत्राला माहात्म्य असतें, म्हणजे त्याची कथा असते, परिक्रमा असते, म्हणजे चालत जाऊन सर्व स्थळें क्रमानें पाहण्याची वाट असते, क्षेत्रपाल असतो, क्षेत्रस्थ लोक असतात व त्यांचा चरितार्थ येणाऱ्या यात्रेकरूंवर कांहीं अंशीं चालतो. युनेस्कोनें जें मागितलें आहे त्यांतील कोणती गोष्ट ह्यांत नाहीं ? जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे चारी आघाट नांवानिशीं सांगितलेले असतात : पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस अमुक वारूळ अथवा वृक्ष. सीमा निश्चित असल्याशिवाय हक्क निश्चित होत नाहीं, हें आमच्या पूर्वजांना युनेस्कोनें शिकविण्याची गरज नव्हती. सबब पुढें मी 'भू-क्षेत्र' हाच शब्द योजतों. 'वारसा' हा शब्द मात्र राहूं द्यावा. तो अरबी मूळचा आहे म्हणून माझे कांहीं संस्कृताभिमानी स्नेही नाक मुरडतात. पण वारसा म्हटला कीं वारस कोण हा प्रश्न निघतोच, आणि ह्या विषयांत तो निघावा अशी माझी इच्छा आहे.

लोणाराकडे वळण्यापूर्वीं त्याच जातीचें एक परदेशी उदाहरण पाहणें अवश्य आहे. जर्मनींतील बव्हेरियाच्या कडेस रीस नांवाचें सुमारें चोवीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचें वर्तुळाकार खोरें आहे. सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वीं उल्का आदळून तें झालें. परंतु दीर्घ काळपर्यंत विद्वान् त्याला ज्वालामुखीची करणी समजत होते. कारण तेथील सुएव्हाइट नांवाचा दगड ज्वालामुखीच्या राखेच्या दगडासारखा दिसतो. १९६० सालीं शूमेकर व चाओ ह्या दोघांना त्यांत कोएसाइट सांपडलें. गारेचें हें रूप प्रचंड दाबाखालींच होतें. ज्वालामुखीच्या स्फोटांत तेवढा दाब उत्पन्न होत नाहीं. वाद मिटला. १९७० सालीं चंद्रावर जावयाच्या प्रवाशांना दगड ओळखण्याचे पाठ देण्यासाठीं तेथेंच नेलें होतें. ह्या खोऱ्यांत नोर्डलिंगेन हें जुनें तटबंदीचें शहर आहे, आणि त्याच्या मध्यभागींचें सेंट जॉर्जचें मंदिर त्याच सुएव्हाइट दगडाचें बांधलेलें आहे. बांधणाऱ्यांना दगड कोठला हें ठाऊक होतें, कशानें झाला हें ठाऊक नव्हतें. शहरांत एका जुन्या कोठाराच्या इमारतींत १९९० पासून संग्रहालय आहे. २०२२ सालीं युनेस्कोनें रीसला मान्यता दिली तेव्हां तिच्या सीमेंत केवळ खड्डा घेतला नाहीं. खड्ड्याबाहेर दूरवर उडून पडलेल्या द्रव्याचा प्रदेशहि घेतला. तें क्षेत्र सतराशें चौरस किलोमीटरांहून अधिक आहे व त्यांत शहरें, खेडीं, शेतें, मठ, किल्ले सर्व आहेत.

आतां लोणार. बुलढाणा जिल्ह्यांतील हें सरोवर काळ्या अग्निजन्य खडकांत उल्का आदळून झालेलें आहे, आणि त्या प्रकारच्या खडकांत झालेल्या व सुस्थितींत राहिलेल्या विवरांत त्याच्या तोडीचें दुसरें भूतलावर नाहीं. चंद्रावरचीं काळीं मैदानें तशाच खडकाचीं असल्यामुळें चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार जवळचें वाटतें. कांठापासून कांठापर्यंत विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद व सुमारें दीडशें मीटर खोल आहे. तळाशीं खारट व अत्यंत क्षारयुक्त पाणी आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. १८९६ सालीं गिल्बर्ट ह्या नामांकित अमेरिकन भूशास्त्रज्ञानें ॲरिझोनांतील विवराचा विचार करितांना लोणारचा दाखला घेतला, आणि दोहोंनाहि वाफेच्या स्फोटाचीं विवरें ठरविलें. दोन्ही ठिकाणीं त्याचा निर्णय चुकला. परंतु दोन्ही विवरें एका जातीचीं हें त्यानें ओळखिलें, हें त्याचें श्रेय. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् ह्या चौघांनीं विवराच्या तळांतून काढलेल्या खडकांत आघातानें बनणारें मास्केलिनाइट नांवाचें काचमय द्रव्य दाखवून उल्केचा पक्ष सिद्ध केला.

रीस व लोणार ह्यांच्या हकीकतींत इतकें साम्य असतां व्यवस्थेंत किती अंतर आहे तें पाहा. लोणारचें विवर २००० सालीं वन्यजीव अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३.६५ चौरस किलोमीटर, म्हणजे खड्डा व त्याची कडा एवढेंच. २०२० सालीं रामसर यादींत तें पाणथळ म्हणून गेलें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादींत तें राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. दैत्यसूदनाचें देऊळ पुरातत्त्व खात्याकडे. गांव नगरपरिषदेकडे. भोंवतालचीं शेतें खातेदारांचीं. प्रत्येक खात्याला एक एक अवयव मिळाला आहे, आणि प्रत्येक खातें आपल्या अवयवापुरतें दक्ष आहे असेंहि क्षणभर धरूं; पण उल्का कोणत्याहि खात्याची हद्द पाहून पडली नव्हती. आघातानें जें द्रव्य वर उडालें तें कांठाबाहेर सुमारें एक-दीड किलोमीटरपर्यंत चादरीसारखें पसरलें. त्यांत वितळून गोठलेल्या काचेचे कण आहेत, आघातानें तुटलेले दगड आहेत, आणि ते कोणत्या क्रमानें पडले ह्याची नोंद आहे. जगांतील इतर विवरांतून ही चादर बहुधा वाहून गेली; लोणारास ती शिल्लक आहे. नेमकी तीच संरक्षित सीमेच्या बाहेर आहे. तिच्यावर गांव वसलें आहे, शेतांची नांगरट होते, घरांचे पाये व विहिरी खणल्या जातात, मुरुमासाठीं उकरणें चालतें. म्हणजे पोथीचा पुठ्ठा तिजोरींत ठेवून पानें ओसरीवर उघडीं टाकल्यासारखें हें झालें. 'उद्यान' म्हटल्यावर खड्डा दिसतो, कारण तो देखणा आहे. 'क्षेत्र' म्हटल्यावर शेतांतला मुरूमहि दिसला पाहिजे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग गांव उठवावें आणि शेतें घ्यावींत. हें अगदीं उलट होय. रीसमध्यें कोणी नोर्डलिंगेन उठविलें नाहीं. विहीर खणतांना जो छेद उघडा पडतो तो खणणाऱ्यानें कळवावा, तो पाहून नोंदवून घेण्यास कोणी तरी यावें, आणि अशा नोंदींचें दप्तर गांवांत राहावें, एवढें झालें तरी पुष्कळ झालें. ज्याला आपल्या शेतांत काय आहे हें कळलें तो क्षेत्रज्ञ. गीतेंतला तो शब्द मी येथें फारच खालच्या पातळीवर आणतों आहें ह्याची मला जाणीव आहे. पण तशा दोन-चार शेतकऱ्यांनीं पाहुण्यांना आपल्या बांधावर उभें करून आपल्या बोलींत जें सांगितलें असतें तें कमानीवरच्या फलकानें साधणार नाहीं.

फलकांविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण शिक्षण हें ह्या योजनेचें अर्धें अंग असून त्यांतच आपल्याकडे घोटाळा फार होतो. लोणारची कथा प्रसिद्ध आहे. लवणासुर नांवाचा दैत्य भूमीखालीं बिळांत राहून लोकांना पीडा देई. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून त्याचा ठाव काढिला, पायाच्या अंगठ्यानें बिळावरचें झांकण उडविलें आणि त्याला मारिलें. सरोवराचें पाणी हें त्याचें रक्त, क्षार हें त्याचें मांस. झांकण उडून जेथें पडलें ती धातेफळची टेंकडी. ही कथा सांगून हल्लीं पुढें असें जोडलें जातें कीं, आमच्या पूर्वजांनीं उल्कापात डोळ्यांनीं पाहिला होता व तोच रूपकानें सांगितला. हें ऐकावयास गोड वाटतें, परंतु टिकत नाहीं. विवराचें वय एका पद्धतीनें सुमारें बावन्न हजार वर्षें निघालें होतें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनानें तें सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें निघालें. दुसरा आंकडा घेतला तर तेव्हां आपल्या जातीचा मनुष्यच नव्हता. पहिला घेतला तरी इतक्या काळाची आठवण कोणतीहि परंपरा वाहून आणूं शकत नाहीं. आपल्याला यादवांच्या काळांतल्या गोष्टी धड आठवत नाहींत!

मग कथेंत कांहीं अर्थ नाहीं काय ? पुष्कळ आहे, पण तो निराळा. कथा करणाऱ्यानें घटना पाहिली नव्हती, घटनेचा परिणाम पाहिला होता, आणि तो बारकाईनें पाहिला होता. एवढा वाटोळा खड्डा आहे त्यापेक्षां त्यांतून कांहीं तरी बाहेर गेलें असलें पाहिजे, हें झांकणाच्या कल्पनेंत आहे. भोंवतालच्या पाण्याला खारटपणा नसतां येथेंच तो कां, ह्याचें उत्तर रक्तमांसाच्या कल्पनेंत आहे. कांठावर मात्र गोड्या पाण्याची अखंड धार आहे, तिला तीर्थाचें महत्त्व दिलेलें आहे. कमळजेच्या देवळाजवळच्या विहिरीला लोक सासू-सुनेची विहीर म्हणतात, कारण तिच्या एका बाजूचें पाणी गोड व दुसऱ्या बाजूचें खारें असें सांगतात. हें निरीक्षण आहे. तें निरीक्षण म्हणूनच विद्यार्थ्यांपुढें ठेवावें. शिवाय संस्कृतज्ञांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रामायणाच्या उत्तरकांडांत जो लवण आहे तो मधुवनांतला, आणि त्याला मारणारा शत्रुघ्न आहे. लोणारास मारणारा स्वतः विष्णु, आणि स्थळ बिळांतलें. नामसाम्यावरून दोघे एक केले जातात तें बरोबर नाहीं. माझ्या मतें येथें स्थळाचें नांव आधीं व असुराचें नांव मागून : लवणाकर म्हणजे मिठाची खाण, त्याचें प्राकृतांतून लोणार झालें, आणि त्या नांवाच्या उलगड्यासाठीं लवणासुर आला.

मीठ व क्षार ह्यांची बाजू तर फलकांवर बहुधा येतच नाहीं, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तीच सर्वांत भक्कम आहे. आईन-इ-अकबरींत अबुल फजलानें वऱ्हाडच्या सुभ्याच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण ह्या स्थळाला विष्णुगया म्हणतात, तळें डोंगरांनीं वेढलेलें आहे, पाणी खारट आहे, त्यांतून कांच व साबू करण्याचें द्रव्य मिळतें, सोरा निघतो आणि त्यापासून चांगला वसूल येतो, असें तो सांगतो. एकाच नोंदींत तीर्थ, भूरचना व महसूल हीं तिन्ही आलीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका परकीय भाषेंत लिहिणाऱ्या कारकुनी बुद्धीच्या पंडितानें जें सहज एकत्र पाहिलें तें आपलीं खातीं आज निरनिराळ्या फायलींत घालतात. पुढें इंग्रजी अमदानींतहि हा क्षार काढला जात असे आणि त्याच्या प्रकारांना डल्ला, पापडी, भुसकी अशीं नांवें होतीं. रसायनाचा विद्यार्थी ज्या पदार्थाला सोडियम कार्बोनेट म्हणून एका शब्दांत उरकतो त्याचे रूपावरून व मळावरून केलेले हे भेद आहेत. हीं नांवें जाणणारीं माणसें गेल्यावर तीं फक्त ग्याझेटियरांत उरतील. २०२० च्या जूनमध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें तेव्हां वर्तमानपत्रांनीं चमत्कार म्हणून रकाने भरले. पाणी आटून खारेपणा वाढल्यानें त्यांतल्या सूक्ष्म जीवांचा रंग वर आला होता, हें पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणींत निघालें. चमत्काराची बातमी जितक्यांनीं वाचली तितक्यांनीं तपासणीची वाचली असेल असें वाटत नाहीं.

फलकावर दोन्ही वयें लिहावींत, कोणत्या पद्धतीनें कोणतें निघालें हेंहि लिहावें, आणि अलीकडचें मोजमाप कोणतें हें सांगावें. लेटलेला मोठा मारुति उल्केच्या दगडाचा आहे ही समजूत समजूत म्हणूनच द्यावी. लोक अज्ञानी आहेत त्यांना एकच आंकडा पुरे, असें म्हणणाऱ्यांनीं आपल्या लोकांच्या चिकित्सकपणाची परीक्षा कधीं घेतलेली नसते. अशा विषयांत मुलें जितके प्रश्न विचारतात तितके मीं व्याकरणाच्या तासाला कधीं ऐकिले नाहींत.

येथवर मूळ कल्पनेची बाजू घेतली; तिच्यांतील दुबळेपणाहि सांगितला पाहिजे. युनेस्कोची मान्यता म्हणजे कायदा नव्हे. स्थळांचें रक्षण त्या त्या देशाच्या कायद्यानें व्हावयाचें, मान्यतेनें नव्हे. ज्या आयफेलनें २००० सालीं ही चळवळ सुरू करण्यांत भाग घेतला त्याच आयफेलांत ज्वालामुखींच्या टेंकड्या लाव्ह्याच्या दगडासाठीं खाणी खणून नाहींशा होत असल्याबद्दल तेथील नागरिकांचा झगडा चालत आलेला आहे. अर्थात् पिवळ्या-तांबड्या पत्रांची भीति तेवढीच, जेवढी मान्यता गमावण्याची लाज. आपल्याकडे केंद्रीय खाणमंत्रालयानें २०२२ च्या डिसेंबरांत भूवारसास्थळें व भू-अवशेष ह्यांच्या संरक्षणासाठीं एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. कायदा हवा ह्यांत शंका नाहीं. परंतु मसुद्याचा भर घोषणा, भूसंपादन, मनाई व शिक्षा ह्यांवर आहे, आणि सूत्रें भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हातीं आहेत. हा स्मारकाचा कायदा झाला, क्षेत्राचा नव्हे.

केवळ स्मारक राखल्यानें काय उरतें तें पाहावयाचें तर मुंबईस अंधेरीच्या गिल्बर्ट टेंकडीकडे जावें. सुमारें साठ मीटर उंच उभे राहिलेले हे काळ्या खडकाचे खांब दख्खनच्या लाव्ह्याच्या काळांतले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. माथ्यावर गांवदेवी आहे, आणि देवी आहे म्हणूनच माथा उरला असावा असें मला वाटतें. बाजू खाणींनीं व इमारतींनीं खाल्ल्या. आज तो सुळका घरांच्या गर्दींत एकटा उभा आहे. तो कोणत्या भूमीचा भाग होता हें आतां तेथें उभें राहून कळत नाहीं. ह्याउलट निघोजास कुकडीच्या पात्रांत पाण्यानें व गोट्यांनीं कोरलेले खळगे आहेत. त्यांना लोकांनीं रांजणखळगे हें नांव दिलें, शेजारीं मळगंगेचें ठाणें आहे, आणि नदी, गांव, देवी व दगड अजून एकमेकांपासून तोडलेलीं नाहींत. तेथें उद्यान होण्यापूर्वीं क्षेत्र व्हावें.

आणखी एक घोटाळा. २०२५ च्या सप्टेंबरांत पांचगणी-महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हास्तरांचें नांव जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलें, तेव्हां अनेकांनीं तेथें भू-उद्यान झालेंच असें समजून लेख लिहिले. जागतिक वारसा निराळा, भू-क्षेत्र निराळें. पहिल्यांत स्थळाच्या अद्वितीय मूल्याला प्राधान्य असतें. दुसऱ्यांत तेथील माणसांनीं त्या मूल्याचें काय केलें हेंहि तपासतात. पांचगणीच्या पठारावर सुट्टीच्या दिवशीं घोडे, गाड्या व खाण्याचे ठेले ह्यांची जी झुंबड असते ती पाहिली म्हणजे दुसरी परीक्षा पहिलीहून अवघड कां, हें समजतें.

पर्यटनाच्या बाबतींत युनेस्कोचा एक नियम आपणांस कठीण जाणारा आहे. क्षेत्राच्या मंडळानें खनिजें, अश्मीभूत अवशेष अथवा घासलेले दगड विकण्यांत भाग घेऊं नये, आणि अशा अमर्याद व्यापाराला आळा घालावा, असा तो नियम आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशीं उतरलेल्या प्रत्येक प्रवाशाला स्फटिकांचे गड्डे हातांत घेतलेले विक्रेते ठाऊक आहेत. लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढलेले ते स्टिल्बाइट व अपोफिलाइट खाणींतून व विहिरींच्या खोदाईंतून निघतात. नियमाच्या जोरावर ह्या विक्रेत्यांना उद्यां हांकलून देणें सोपें आहे, आणि तसें झालें तर 'संरक्षण' ह्या शब्दाचा तेथें कायमचा तिरस्कार होईल. त्यांच्यापैकीं जे दगड ओळखण्यांत तरबेज आहेत त्यांना वाटाडे करावें, खोदाईंत निघालेल्या उत्तम नमुन्यांसाठीं स्थानिक संग्रहालय असावें व तेथें त्यांना वेतन असावें. ही सूचना माझी म्हणून नवी नाहीं. लेस्व्हॉसमध्यें अश्मीभूत वृक्षांचें उत्खनन, संग्रहालय व गांवच्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांचे खाद्यपदार्थ हीं एकाच योजनेंत बसविलीं आहेत. तेथें येणारा प्रवासी वृक्षाचा तुकडा नेत नाहीं, गांवचा मुरंबा नेतो.

लोणारापुरतें बोलावयाचें तर पहिलें काम सीमेचें आहे. उडालेल्या द्रव्याची चादर जेथपर्यंत पोंचली तेथपर्यंत, उत्तरेच्या अंबर तळ्यासह, भूमापन क्रमांकवार आघाट ठरवावे. त्यांतील कोणत्या क्रमांकांत छेद उघडा आहे, कोणत्यांत देऊळ अथवा बारव आहे, कोणत्यांत पूर्वीं क्षाराचे वाफे होते, हें एकाच नकाशावर उतरावें. भूशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ व महसुली दप्तर वाचणारा असे तिघे, आणि त्यांच्याबरोबर गांवचे जुने शेतकरी, एवढ्यांनीं दोन हिवाळे चालून हा नकाशा होईल. धातेफळची टेंकडी त्या सीमेंत येणार नाहीं. ती कथेच्या सीमेंत आहे, आणि कथेच्या सीमेचा नकाशा निराळा काढून संग्रहालयाच्या भिंतीवर शेजारीं लावावा.